पूल टेबलासाठी स्लेट निवडताना

नांदेड-लातूरच्या फरशीच्या दुकानांत शहाबादी, तांदूर आणि कडप्पा सहज मिळतात. घरच्या पूल टेबलाचे काम घेणाऱ्या कारागीर बंधूंनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. काळा कडप्पा दिसायला स्लेटसारखा असला तरी हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत. स्लेट म्हणजे शाळेच्या पाटीचा दगड.

पारख सोपी आहे. तुकड्यावर पातळ ॲसिडचा एक थेंब टाकावा. चुनखडी व संगमरवर फसफसतात, स्लेट सहसा फसफसत नाही.

पुढे जाडी पाहावी. स्पर्धेच्या टेबलाला किमान 1 इंच जाडी लागते. घरासाठी पाऊण इंचही चालते, पण खालची चौकट भक्कम हवी.

मग तुकड्यांचा विचार करावा. 8 बाय 4 फुटांची 1 इंची स्लेट सुमारे 200 किलो भरते. अखंड दगडाला सांधा नसतो, मात्र अरुंद जिन्यातून तो वर चढवणे कठीण. वरच्या मजल्यासाठी तीन तुकडेच घ्यावेत; एक तुकडा सुमारे 70 किलोचा होतो. पाणसळ लावून ते एका पातळीत आणावेत आणि सांध्यांत मेण भरावे. कापड ताणण्यापूर्वी लांब सरळ पट्टी ठेवून फट तपासावी, नाहीतर कापड पुन्हा उचकटावे लागते.

ग्राहकाला स्वस्तात कडप्पाच हवा असेल तर जरूर बसवावा, पण कडप्पा म्हणून आणि कडप्प्याच्याच दराने. आम्ही कापडवाले टेरिकॉट सुती म्हणून विकू लागलो, तर ग्राहक दुसऱ्यांदा पायरी चढणार नाही. दगडाच्या धंद्यातही हिशेब तोच आहे.