जुन्या मोटारीचे अस्सल भाग कसे ओळखावे?

जुनी वस्तु दुरुस्त करणें आणि जुन्या वस्तूचा जीर्णोद्धार करणें, या दोन गोष्टी दिसावयास सारख्या असल्या तरी एक नव्हेत. वस्तु पुन्हा चालूं लागली म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याचें काम संपलें. जीर्णोद्धार करणाऱ्यास मात्र ती वस्तु पूर्वीं होती तशी करावयाची असते. आणि म्हणून 'ती पूर्वीं कशी होती?' या प्रश्नाचें उत्तर त्यास हातीं पान्हा घेण्यापूर्वींच शोधावें लागतें. तें शोधण्याची रीत कोणती, हें प्रस्तुत लेखांत मोटारगाडीच्या उदाहरणानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. जुन्या मोटारी फारच थोड्यांच्या घरीं असतात. तथापि पुराव्यावरून सत्य ठरविण्याची ही रीत इतिहास, शास्त्र व नित्याचा व्यवहार या तिहींतही उपयोगी पडणारी आहे.

उदाहरणासाठीं आम्हीं अमेरिकेंतील फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' ही गाडी घेतली आहे. ही गाडी १९०८ सालीं डेट्रॉइट शहरांत प्रथम तयार झाली व १९२७ सालीं तिचें उत्पादन थांबलें. एवढ्या अवधींत दीड कोटींहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. गाडी कामगारांपुढून सरकत जावी आणि प्रत्येकानें आपापला ठराविक भाग तीस जोडावा, अशी व्यवस्था १९१३ सालीं हायलंड पार्क येथील कारखान्यांत सुरू झाली. ती चालावयाची तर एका गाडीचा भाग दुसरीस बिनचूक बसलाच पाहिजे. या एकसारखेपणामुळें गाडी स्वस्त झाली. पण आपल्या प्रश्नांतील अडचणही त्यांतूनच उद्भवली. १९१४ च्या गाडीस १९२४ चे पुष्कळ भाग बसतात आणि गाडी उत्तम चालते. म्हणून भाग 'बसतो' एवढ्यावरून तो 'मूळचा आहे' असें म्हणतां येत नाहीं.

अस्सल हा शब्द आपण सैलपणें वापरतों. परीक्षकानें त्याच्या चार पायऱ्या ध्यानांत ठेवाव्या. पहिली पायरी, जो भाग घेऊन हीच गाडी कारखान्याबाहेर पडली तो भाग. दुसरी, त्याच कंपनीचा, त्याच काळचा, पण दुसऱ्या गाडीवरून काढलेला भाग. तिसरी, त्याच कंपनीचा खरा, परंतु निराळ्या वर्षाचा भाग. चवथी, अलीकडे नव्यानें बनविलेली नक्कल. यांपैकीं कोणताही भाग वापरणें हा दोष नव्हे. एक शतक लोटल्यावर प्रत्येक गाडीस पहिल्याच पायरीचा भाग कोठून मिळणार? दोष आहे तो खालच्या पायरीचा भाग वरच्या पायरीचा म्हणून सांगण्यांत.

आतां पुराव्यांकडे वळूं. पहिला पुरावा बाह्य रूपाचा. मॉडेल टी च्या रूपांत वेळोवेळीं जे फरक झाले त्यांतील ठळक फरक असे : १९१६ च्या नमुन्यापर्यंत गाडीच्या तोंडाशीं पितळेचा रेडिएटर असे, १९१७ च्या नमुन्यापासून त्याच्या जागीं काळ्या कवचाचा रेडिएटर आला. आरंभींचे पुढचे दिवे असेटिलीन वायूवर जळत. १९१५ च्या नमुन्यापासून ते विजेचे झाले. १९१९ पासून विजेचा स्टार्टर मिळूं लागला, आणि त्यासाठीं इंजिनाच्या ओतीव ठोकळ्याचा आकारही बदलावा लागला. रंगाविषयीं तर लोकांत मोठाच गैरसमज आहे. ही गाडी नेहमीं काळीच असे अशी समजूत आहे. वस्तुतः पहिल्या वर्षांत ती राखी, हिरवी, तांबडी अशा रंगांत मिळे. केवळ काळा रंग हा नियम १९१४ पासून १९२५ पर्यंतचा. १९२६ च्या नमुन्यांत इतर रंग पुन्हा आले. म्हणून १९०९ ची गाडी चकचकीत काळी करून ठेवली असेल, तर ती कितीही सुंदर दिसो, ती अस्सल रूपांत आहे असें म्हणतां यावयाचें नाहीं. तसेंच १९२१ च्या गाडीवर पितळेचा रेडिएटर झळकत असेल, तर तो शोभेसाठीं मागाहून बसविला, हें उघड आहे.

तथापि येथें एक सावधगिरी हवी. कारखान्यांतील बदल पंचांगाप्रमाणें एका ठराविक दिवशीं होत नसत. जुन्या भागांचा सांठा संपेपर्यंत तोच वापरला जाई. शिवाय गाडीची बॉडी, म्हणजे बसण्याची पेटी, निरनिराळे कंत्राटदार पुरवीत; पुष्कळ यांत्रिक भाग १९१४ पर्यंत डॉज बंधूंच्या कारखान्यांतून येत. त्यामुळें एकाच आठवड्यांत निघालेल्या दोन खऱ्या गाड्यांतही बारीकसारीक फरक आढळतात. फरक दिसला कीं 'खोटें' असें ओरडणारा परीक्षक, आणि कांहींच फरक न पाहणारा परीक्षक, हे दोघेही सारखेच निरुपयोगी होत.

दुसरा पुरावा आंकड्यांचा. मॉडेल टी च्या सांगाड्यावर अगदीं शेवटचीं वर्षें सोडलीं तर क्रमांक घालीत नसत. इंजिनाचा क्रमांक तोच गाडीचा क्रमांक. तो बहुतेक गाड्यांत ठोकळ्याच्या डाव्या बाजूस, पाणी आंत शिरण्याच्या तोंडाच्या वर ठोकलेला असतो. कोणत्या काळांत कोणते क्रमांक पडले हें कंपनीच्या नोंदींवरून कळतें. कंपनीचे असे जुने कागद डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयाच्या संशोधन-विभागांत जतन केले आहेत. याखेरीज पुष्कळ ठोकळ्यांवर तो ओतल्याची तारीख उठावाच्या अंकांत असते. ती वाचतांना अमेरिकन रीत विसरूं नये. तेथें महिना आधीं व दिवस मागून लिहितात. ६-८-२० याचा अर्थ ६ ऑगस्ट नव्हे, तर ८ जून १९२० होय.

आतां विद्यार्थ्यांनीं विचार करावा. ठोकळा आधीं ओतला जातो, मग तासला जातो, मग त्याचें इंजिन होतें आणि तेव्हां क्रमांक पडतो. अर्थात् ओतण्याची तारीख क्रमांकाच्या तारखेच्या आधींचीच असली पाहिजे. समजा, क्रमांक १९१७ चा आहे व ओतण्याची तारीख १९२० ची आहे. मूल बापाच्या आधीं जन्मल्यासारखी ही गोष्ट झाली. तेव्हां क्रमांक मागाहून ठोकला हें निश्चित. पण एवढ्यावरून लबाडी झाली असेंही ठरत नाहीं. इंजिनाचा ठोकळा तडकला तर कंपनी क्रमांक नसलेला नवा ठोकळा विकीत असे व त्यावर गाडीचा जुनाच क्रमांक ठोकीत. गाड्या बंद झाल्या तरी या नमुन्याचीं इंजिनें १९४१ पर्यंत तयार होत होतीं. पुराव्यानें 'काय झालें' तें सांगितलें. 'कोणत्या हेतूनें' हें सांगावयास दुसरा पुरावा लागतो. या दोन प्रश्नांतील भेद ज्यास कळला त्यास न्यायाचा पहिला धडा कळला.

तिसरा पुरावा अगदीं क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूंचा. स्क्रूचेंच घ्या. त्याच्या डोक्यावर अधिकचिन्हासारखी खांच असलेले, फिलिप्स नांवाचे स्क्रू अमेरिकेंतील मोटारींत १९३६ च्या सुमारास प्रथम आले. तेव्हां १९१५ च्या गाडींत असा स्क्रू दिसला, तर तेथें मागाहून कोणाचा तरी हात लागला हें निर्विवाद होय.

परंतु याच स्क्रूनें आपल्याकडील माणूस फसण्याचाही संभव आहे. ब्रिटिश साम्राज्यांतील हिंदुस्थानासारख्या देशांस ज्या फोर्ड गाड्या येत त्या बहुतेक डेट्रॉइटच्या नसून कॅनडांतील फोर्ड कंपनीच्या, ओंटारिओ प्रांतांतील कारखान्याच्या असत. त्यांचें सुकाणूचाक उजव्या बाजूस असे. त्यांच्या इंजिनाच्या क्रमांकाआधीं 'सी' हें अक्षर असतें. कॅनडांतच रॉबर्टसन नांवाच्या गृहस्थानें चौकोनी खळगा असलेला स्क्रू काढला. त्याचें पेटंट १९०९ चें आहे, आणि कॅनडांतील फोर्ड गाड्यांत तो वापरला जाई. तसेंच अमेरिकन टूरिंग गाडीस चालकाच्या बाजूस बहुधा दाराचा नुसता आकार उठविलेला असे, तर कॅनडांतील गाडीस खरें उघडणारें दार असे. आतां मुंबईच्या अथवा पुण्याच्या एखाद्या हौशी मनुष्यानें अमेरिकन पुस्तक समोर ठेवून आपली गाडी सोडविण्यास घेतली, तर काय होईल? पुस्तकांत चौकोनी खळग्याचा स्क्रू नाहीं, म्हणून तो अस्सल स्क्रू काढून भंगारांत टाकील आणि त्या जागीं 'शुद्ध' म्हणून सरळ खांचेचा नवा स्क्रू बसवील. त्यानें पैसा खर्चून, मेहनत करून, शुद्धीच्या नांवाखालीं खरें होतें तेंच नाहींसें केलें! जुना शिलालेख वाचतां येत नाहीं म्हणून छिन्नीनें दुरुस्त करणारा आणि हा, यांच्यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाहीं. पुस्तक खोटें नव्हतें. तें दुसऱ्या गाडीविषयीं होतें. म्हणून पुस्तकाआधीं आपल्यापुढील गाडीस विचारावें.

गाडीस विचारावयाचें म्हणजे तिच्या अंगावरील खुणा वाचावयाच्या. हा चवथा पुरावा. दिव्याचा दांडा काढला म्हणजे त्याखालीं ऊन न लागलेला मूळचा रंग सांपडतो. रंग एकदम खरवडून न टाकतां, एका अंगुळाएवढ्या जागीं बारीक कांचकागदानें हळूहळू घासावें. म्हणजे झाडाच्या खोडांतील वलयांप्रमाणें थरांचीं वर्तुळें दिसूं लागतात, आणि सर्वांत आंतले वर्तुळ धातूच्या लगतचें असतें. फळीवर जेथें भोकें आहेत पण कांहींच बसविलेलें नाहीं, तेथें पूर्वीं कांहीं तरी होतें. जेथें भोंक ताजें असून त्याच्या कडेस गंज नाहीं, तेथें नवीन कांहीं बसविलें गेलें. दोन भाग वर्षानुवर्षें एकमेकांस घांसत असतील, तर दोघांवरची झीज परस्परांशीं जुळली पाहिजे. एक झिजलेला व दुसरा कोरा असेल, तर त्यांची सोबत जुनी नव्हे.

यावरून कामाची शिस्तही ठरते. कोणताही भाग सोडविण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र घ्यावें. सोडविलेल्या प्रत्येक भागास चिठ्ठी बांधावी व तो कोठला, कोणत्या दिशेनें बसला होता, हें वहींत लिहावें. बदललेला जुना भाग, मोडका असला तरी, काम पुरें होईपर्यंत व शक्य तर नंतरही, टाकूं नये; नवा भाग घडविणाऱ्यास तोच नमुना होय. बाजारांत अथवा भंगारवाल्याकडे एखादा भाग सांपडला, तर विक्रेत्याच्या शब्दावर न विसंबतां वरील चारही पुरावे त्यास लावून पाहावे. एक पुरावा चुकूं शकतो. चार स्वतंत्र साक्षी एकच गोष्ट सांगूं लागल्या म्हणजे विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं.

आणि इतकेंही करून मूळचें फारच थोडें उरलें असेल तर? या प्रश्नाचा निवाडा १९९० सालीं लंडनच्या हायकोर्टापुढें आला होता. १९२९ व १९३० या दोन्ही वर्षीं फ्रान्समधील ल मां येथील शर्यत जिंकणारी 'ओल्ड नंबर वन' नांवाची एक बेंटली गाडी एक कोटी पौंडांस विकण्याचा करार झाला; पुढें ती अस्सल नव्हे असें म्हणून घेणाऱ्यानें माघार घेतली. १९२९ च्या गाडीचें तींत जवळजवळ कांहींच उरलेलें नाहीं, हें न्यायाधीशांनीं मान्य केलें. परंतु शर्यतींसाठीं व नंतरही भाग बदलत गेले तरी त्या गाडीचा इतिहास कोठें तुटला नव्हता. म्हणून तीस त्या नांवानें ओळखणें योग्य आहे, असा त्यांनीं निर्णय दिला. मूळचे भाग आणि अखंड ओळख या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें त्यावरून दिसतें. ती अखंड ओळख सिद्ध झाली ती कागदोपत्रीं नोंदींमुळें. नोंदी नसत्या तर शब्दाला शब्द भिडला असता.

म्हणून आमच्या मतें जीर्णोद्धार करणाऱ्याची वही ही त्याच्या पान्ह्याइतकीच महत्त्वाची आहे. 'हा भाग मूळचा. हा दुसऱ्या गाडीचा. हा मीं नवा करविला' असें त्यानें तींत स्पष्ट लिहावें, आणि नव्या भागावर सहज न दिसेल अशा जागीं सालाची खूण करावी. आज मालकास ठाऊक आहे म्हणून खूण नको, असें म्हणूं नये. पन्नास वर्षांनंतर मालक नसेल, गाडी असेल.

आमच्या विद्यार्थ्यांस मोटार मिळणें कठीण. परंतु शिवण्याचें यंत्र, भिंतीवरचें घड्याळ किंवा आजोबांची सायकल पुष्कळ घरीं असेल. सुटींत तिचा क्रमांक शोधावा. सिंगर कंपनीच्या यंत्राचा क्रमांक पाहून तें कोणत्या काळांत तयार झालें हें ठरवितां येतें. मग कोणता भाग मूळचा, कोणता बदललेला, याची यादी करावी, आणि केव्हां व कां बदलला हें वडील मंडळींस विचारून पुढें लिहावें. पालकांनीं अशा प्रश्नांस कंटाळूं नये. त्यांस जें आठवतें तें दुसऱ्या कोणत्याही पुस्तकांत सांपडावयाचें नाहीं.