मूलपेशींपासून रक्तवाहिनीची निर्मिती : एक अभ्यास

रक्तवाहिनीची आतील बाजू फरशीप्रमाणे एकमेकींस जुळून बसलेल्या पेशींच्या एकाच थराने मढलेली असते. रक्त वाहिनीतच गोठू न देणे, वाहिनीचे आकुंचन-प्रसरण नियंत्रित करणे व गरजेनुसार नवीन शाखा फोडणे ही या अंतःस्तरपेशींची कार्ये होत. मधुमेह व धूम्रपान यांमुळे हाच थर प्रथम बिघडतो. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या आपल्या सहाही तालुक्यांत पायाची न भरणारी जखम घेऊन येणारा विडी ओढणारा शेतमजूर वा मधुमेही रुग्ण वैद्यास नवा नाही. अलीकडे असा रुग्ण विचारतो, "स्टेम सेलचे इंजेक्शन घेऊ का?" त्यास योग्य उत्तर देता यावे, म्हणून हा विषय मांडीत आहोत.

ज्या पेशींपासून शरीरातील विविध पेशी तयार होऊ शकतात, त्या मूलपेशी होत. रक्तवाहिन्या केवळ भ्रूणावस्थेतच नव्याने घडतात, असा पूर्वी समज होता. 1997 साली असाहारा व इस्नर प्रभृतींनी प्रौढ मनुष्याच्या रक्तातही अंतःस्तरपेशींच्या पूर्वपेशी असल्याचे प्रतिपादन केले. 2006 साली ताकाहाशी व यामानाका यांनी उंदराच्या त्वचेच्या पेशींस पुन्हा मूलपेशींचे रूप दिले, तर 2007 मध्ये मानवी पेशींवरही हे साध्य झाले. या शोधासाठी यामानाका यांना 2012 चे नोबेल पारितोषिक गर्डन यांच्यासमवेत मिळाले.

प्रयोगशाळेत मूलपेशींना विशिष्ट क्रमाने रासायनिक संकेत दिले जातात. प्रथम त्यांस भ्रूणाच्या मध्यस्तराकडे वळविले जाते. पुढे व्हीईजीएफ या वाहिनीवर्धक प्रथिनाच्या साहाय्याने सुमारे आठवडाभरात अंतःस्तरपेशी मिळू शकतात. योग्य आधारद्रव्यावर ठेवल्यास त्या स्वतःच नलिकांची जाळी विणतात. तथापि नलिका दिसली म्हणजे वाहिनी झाली असे नव्हे. बाहेरून आधार देणाऱ्या पेशी नसतील तर ती गळते व लवकर नष्ट होते. आणि न बदललेल्या मूलपेशी मागे राहिल्यास अर्बुद उद्भवण्याचा धोका असतो.

या विषयातील एक भारतीय कार्य आपल्याला विशेष जवळचे वाटेल. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात डॉ. मनीषा इनामदार व सहकाऱ्यांनी मानवी भ्रूणमूलपेशींच्या वंशमालिका तयार केल्या. त्यांच्या गटाने अभ्यासलेल्या दोन जनुकांची नावे 'असृज्' व 'रुधिर' अशी आहेत. रुधिर जनुक अंतःस्तरपेशींच्या योग्य दिशेने होणाऱ्या हालचालीसाठी आवश्यक असते. ते नसल्यास उंदराच्या भ्रूणातील वाहिन्यांची रचना विस्कटते व भ्रूण जगत नाही, असे 2018 साली प्रसिद्ध झाले. ही नावे आपल्या संहितांतील रक्ताच्या पर्यायांशी जुळतात. परंतु त्यावरून जनुके प्राचीनांस ज्ञात होती असे म्हणणे शास्त्रास धरून होणार नाही. सुश्रुताने सातशे सिरा व चोवीस धमन्या सांगितल्या, ते त्या काळचे निरीक्षण होय. त्याचा आदर ठेवून नवे ज्ञान स्वतंत्रपणे शिकावे.

उपचाराची सद्यःस्थिती काय? अस्थिमज्जेतील मूलपेशींपासून तयार केलेल्या एका भारतीय औषधास, बर्जर रोगामुळे पायाचा रक्तपुरवठा गंभीररीत्या कमी झाल्यास वापरण्यासाठी, 2016 साली मर्यादित मान्यता मिळाली. 2020 साली तिचा विस्तार झाला. ते पिंडरीच्या स्नायूत व जखमेभोवती टोचतात. मात्र या पेशी मुख्यत्वे स्वतः वाहिनी बनत नाहीत. त्यांच्या स्रावांमुळे रुग्णाच्या वाहिन्यांस वाढण्याची चालना मिळते, असे मानले जाते. प्रयोगशाळेत वाढविलेल्या अंतःस्तरपेशींचे उपचार अद्याप संशोधनाच्या कक्षेतच आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, काही रक्तविकारांतील प्रस्थापित प्रत्यारोपण वगळता, मूलपेशींचा वापर मान्य चाचण्यांतच व्हावा. म्हणून जाहिरातीतील "सर्व रोगांवर मूलपेशी" या दाव्यास आपण साथ देऊ नये.

येथे आमचीच एक चूक नमूद करणे इष्ट. अंगठ्याची जखम घेऊन आलेल्या एका रुग्णास आम्ही दुष्टव्रण मानून जलौका लावल्या. पायाची नाडी मात्र पाहिली नाही. पंधरा दिवसांत अंगठा काळा पडला व तो कापावा लागला. धमनीतच रक्त येत नसता रक्तमोक्षण करणे म्हणजे कोरड्या विहिरीवर मोट लावणे होय.

म्हणून व्रणाचा प्रत्येक रुग्ण तपासताना पायाच्या वरच्या बाजूस व आतल्या घोट्यामागे नाडी पहावी. दोन्ही पायांची तुलना करावी. नाडी न लागल्यास, पाय थंड असल्यास, किंवा रात्री पाय खाली सोडल्यावर वेदना कमी होत असल्यास रुग्णास विनाविलंब रक्तवाहिनी-तज्ज्ञाकडे पाठवावे. विडी-तंबाखू तत्काळ सोडविणे हा निदानपरिवर्जनाचा भाग आपल्या हाती आहे. मूलपेशी उद्या काय देतील ते काळ ठरवील. आज मात्र नाडीवर वेळेत ठेवलेले बोट रुग्णाचा पाय वाचवू शकते.