एका दानाची तेरा वर्षे
(मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्थापनेवरून)

रुग्णालयास दिलेल्या देणगीचे फळ केव्हा दिसते, हा प्रश्न देणगीदार व विश्वस्त या उभयतांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर मुंबईच्या इतिहासात सापडते.

कंपनी सरकारने १८२६ साली डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली मुंबईत एतद्देशीयांसाठी वैद्यकशाळा काढली; ती १८३२ साली बंद पडली. पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी पूर्ण वैद्यकीय महाविद्यालयाची योजना हाती घेतली. परंतु जुलै १८३८ मध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे स्मारक म्हणून नागरिकांनी महाविद्यालयच उभारण्याचे ठरविले व वर्गणी जमविली.

त्याच सुमारास जमशेटजी जीजीभाई यांनी गोरगरिबांच्या रुग्णालयासाठी १ लाख रुपये देऊ केले. सरकारनेही तितकीच रक्कम घालावी, अशी त्यांची अट होती. किशोरवयात आईवडिलांचे छत्र हरपलेल्या जमशेटजींनी चीनशी कापूस व अफूच्या व्यापारात ही संपत्ती मिळविली होती. १८४३ साली पायाभरणी झाली आणि १८४५ साली भायखळ्यास रुग्णालय व महाविद्यालय शेजारी शेजारी सुरू झाले. त्यामुळे पुस्तकातील विद्या रुग्णाच्या खाटेपाशी पडताळून पाहता येऊ लागली. पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड यांचा भर याच शिक्षणावर होता.

पहिली तुकडी १८५१ साली बाहेर पडली. तीत डॉ. भाऊ दाजी लाड व डॉ. आत्माराम पांडुरंग होते. भाऊ दाजींनी गरिबांवर विनामूल्य उपचार केले, महारोगावर औषध शोधण्याचे प्रयत्न केले. आत्माराम पांडुरंगांनी १८६७ साली प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेतला.

देणगीचा संकल्प १८३८ चा, पहिले डॉक्टर १८५१ चे. मधली तेरा वर्षे कोणाही दात्याच्या धीराची परीक्षा पाहणारी होती.

आपल्या केज तालुक्याशेजारी अंबाजोगाईस १९७४ साली स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हा हीच विद्या आपल्या दारी आली. दान, शासनाचे साह्य व शिक्षण यांची सांगड बसली, की रुग्णसेवा पिढ्यान्‌पिढ्या चालते. युसूफ वडगावसारख्या गावी दिलेला रुपया आज एका रुग्णाचे औषध होतो; उद्या येथे काम शिकलेल्या हातांच्या रूपाने तो अनेकांपर्यंत पोहोचतो. त्यासाठी दात्यांनी धीर धरावा आणि विश्वस्तांनी चोख हिशेब ठेवावा, हाच या इतिहासाचा बोध होय.