धाब्याचा कठडा आणि डोक्यावरचे हेल्मेट

शास्त्रवाचन : अनुवाद २२:८, लूक ४:९-१२, लूक १०:२५-३७



या वेळचा पाठ मी एका हेल्मेटपासून सुरू करते. ते काळे आहे, त्यावर आयएसआयची खूण आहे आणि एकही ओरखडा नाही. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या एका पाड्यावर कुडाच्या भिंतीला ते टांगलेले आहे. ज्याचे ते आहे तो तरुण त्याच भिंतीशी बाजेवर बसून असतो.

ऊसतोडीच्या पैशांतून त्याने मोटारसायकल घेतली, तिच्याबरोबर हे हेल्मेट आले. कामानिमित्त मी तीन-चार वेळा त्याच्या मागे बसले आहे. हेल्मेट आरशाला अडकवलेले असे. मी एकदाही त्याला बोलले नाही. फाट्यापर्यंतच तर जायचे, असे मलाही वाटे. माझेही डोके उघडेच होते.

गेल्या वर्षी होळीच्या बाजाराहून परतताना वळणावरच्या खडीवर त्याची गाडी घसरली. कोपर खरचटले, डोके दगडावर आपटले, पण रक्त फारसे आले नाही. तो स्वतः उठला, गाडी चालवत घरी आला, भाकर खाऊन झोपला. रात्री उलटी झाली. बाजारात काही खाल्ले असेल, असे घरच्यांना वाटले. पहाटे बायकोने हाक मारली तर तो उठेना. झोळी करून रस्त्यापर्यंत आणले, १०८ ची गाडी आली, शहरात ऑपरेशन झाले. प्रभूने जीव राखला. पण आज त्याच्या डाव्या हातात जोर नाही, ओळखीचे शब्द आठवत नाहीत, क्षणात राग येतो. त्याची बायको मला म्हणाली, “ताई, माणूस घरी आला, पण तोच माणूस आला असं वाटत नाही.”

असे का होते?

आपला मेंदू साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅम वजनाचा आणि अतिशय मऊ असतो. कवटीच्या आत तो पाण्यासारख्या द्रवात तरंगतो. डोके दगडावर थांबते, पण आतला मेंदू पुढे सरकतच राहतो आणि कवटीवर आदळतो. कधी उलट बाजूलाही आदळतो. त्यातले बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. कधी कवटीखालची रक्तवाहिनी फाटते आणि रक्त हळूहळू साठत जाते. अशा वेळी माणूस आधी बरा दिसतो, चालतो, बोलतो आणि काही तासांनी बेशुद्ध होतो. आपल्या या भावाचे तसेच झाले. हाड जुळते, मेलेली मेंदूची पेशी परत येत नाही.

हेल्मेटचे खरे काम त्याच्या आतला थर्माकोलसारखा थर करतो. आदळताना तो स्वतः दबतो, चुरडतो, आणि डोके एकदम न थांबता किंचित सावकाश थांबते. तेवढ्या क्षणाने जीव वाचतो. म्हणूनच एकदा जोरात आदळलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी बदलावे. आणि हनुवटीखालचा पट्टा लावला नसेल, तर डोके जमिनीला लागण्याआधीच ते उडून जाते.

हे जगाला कळले तेही एका मृत्यूमुळे. १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स हा प्रसिद्ध लेखक व सैनिक मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी डोक्याच्या दुखापतीने वारला. त्याला पाहणाऱ्या डॉक्टरांपैकी ह्यू केर्न्स या मेंदूच्या शल्यविशारदाने पुढे अशा दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटचे महत्त्व मांडणारा लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

आपल्या देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, आणि यांतले १४,३३७ जण मागे बसलेले होते. अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर असे दिसले आहे की, हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

वचन काय शिकवते?

नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी पडल्यास त्या घरावर रक्ताचा दोष येतो, अशी आज्ञा अनुवादात आहे. देव राखणारा आहे, तरी कठडा बांधायला त्याने माणसालाच सांगितले. “ताई, प्रभू राखतो, मग हेल्मेट कशाला?” असे मला मंडळीत विचारले गेले आहे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, असे सैतानाने सुचवले तेव्हा येशूने काय केले ते लूकमध्ये वाचा. विश्वास ठेवणे वेगळे आणि परीक्षा पाहणे वेगळे.

माझा स्वतःचा दोष मी याच वचनापुढे ठेवला. कठडा नसलेला मला दिसत होता आणि मी गप्प राहिले.

आपण काय करावे?

१. पुढचा आणि मागचा, दोघांनीही आयएसआय खुणेचे, डोक्याला घट्ट बसणारे हेल्मेट घालून पट्टा लावावा. कायद्यात चार वर्षांवरील प्रत्येकाला ते आवश्यक आहे. पाड्यावरच्या वाटेलाही हे लागू आहे; दगड पोलिसाला विचारून लागत नाही.

२. डोक्याला मार लागल्यावर उलटी, वाढती गुंगी, झटके, असंबद्ध बोलणे, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, एक बाहुली मोठी दिसणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. पहिली रात्र जखमीला एकटे झोपू देऊ नये.

३. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये, मान वाकवू नये, ओढून उठवू नये.

४. चांगल्या शोमरोन्यासारखे थांबावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार, सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही आणि त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

मनन व चर्चेसाठी

आपल्या मंडळीत उपासनेला मोटारसायकलवरून किती जण येतात, आणि त्यांतले किती हेल्मेट घालून? मागे बसणाऱ्या बहिणींसाठी घरात दुसरे हेल्मेट आहे का? कोणाला बोलायचे आपण टाळत आहोत?

आता मी गाडीवर बसण्याआधी माझे हेल्मेट घालते आणि चालवणारा त्याचे घालेपर्यंत बसत नाही. परवा पाड्यावर त्या भावाने उजव्या हाताने भिंतीवरचे हेल्मेट काढले आणि धाकट्या भावाच्या डोक्यावर ठेवले. पट्टा त्याला लावता येईना. तो मी लावला. या कुटुंबासाठी प्रार्थना करा.