डंख करते ती सापळ्यात येत नाही

भातकापणीनंतर कर्जत-खालापुरात राजनाला कालव्याच्या नाहीतर विहिरीच्या पाण्यावर काकडी, कारली, दुधी लावणाऱ्यांची तक्रार ठरलेली: सापळ्यात माश्यांचा खच पडतो, तरी फळं सडतातच. सापळा खोटा नाही, तो लावायची वेळ चुकते. सापळ्यातल्या क्यू-ल्युअर या आमिषाच्या वासावर येतो तो फळमाशीचा नर; कोवळ्या फळाला डंख करून अंडी घालते ती मादी. एकदा मीलन झालं की तिचं नरावाचून अडत नाही. शुक्राणू ती शरीरात साठवते, शिवाय वीर्यद्रवातली प्रथिनं तिचं वागणंच पालटून टाकतात. याचा बारकाईने अभ्यास झाला तो पिकल्या केळ्यावर घोंगावणाऱ्या चिलटावर, म्हणजे ड्रोसोफिलावर. त्याच्या नरातलं ‘सेक्स पेप्टाइड’ 1988 साली उजेडात आलं. जेमतेम 36 अमिनो आम्लांची साखळी. ती पोचली की मादी पुढच्या नराला झिडकारते, भराभर अंडी घालते आणि प्रथिनयुक्त खाण्याच्या मागे लागते. शुक्राणूंच्या शेपटीला चिकटलेलं हे पेप्टाइड थोडंथोडं सुटत राहतं, म्हणून असर आठवडाभर टिकतो.

चिलटाचा न्याय वेलवर्गीय पिकांच्या फळमाशीला कसा लावायचा, ही शंका रास्त आहे. रेणू तोच असेल असं धरून चालता येत नाही. पण तिच्याच कुळातल्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड फळमाशीत नराच्या वीर्यद्रव स्रवणाऱ्या सहायक ग्रंथींचा अर्क नुसता टोचला, तरी मादी नराला टाळू लागते. दुसरा आक्षेप असा, की नर मारले म्हणजे माद्या वांझ राहतील. राहतील, पण नर जवळपास संपले तरच. एक नर अनेक माद्यांना पुरतो. शिवाय शेजारच्या मळ्यातून मीलन उरकून आलेली मादी तुमच्या सापळ्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

म्हणून सापळे वेल फुलोऱ्यावर येण्याआधी लागले पाहिजेत, आणि तेही सगळ्या शिवारात एकदम. कोषातून निघालेली मादी अंडी घालायला लागेपर्यंत साधारण 10 ते 12 दिवस जातात. सापळ्याला मिळते ती तेवढीच सवड. आंब्याच्या बागेत टांगतात ते मिथाइल युजेनॉलचं आमिष इथे टांगू नका, या माशीचा नर त्याला भुलत नाही. फळं लागल्यावर मात्र भिस्त मादीवरच्या उपायांवर हवी. अंड्यांसाठी तिला प्रथिनं लागतात, तेव्हा प्रथिनयुक्त विषारी आमिष, औषधाच्या लेबलानुसार, वेलाच्या कडेला ठिपक्याठिपक्यांनी द्यावं. कोवळ्या फळांना कागदी पिशव्या घालाव्यात. डंख लागलेली फळं बांधावर फेकण्याची सवय सर्वांत महाग पडते. ती दोन फूट खोल पुरावीत.