पहिली क्रूझर घेताना : पाच वर्षांचा पूर्ण हिशेब

स्कूटर सोडून पहिल्यांदा गिअरच्या गाडीकडे वळणारे बरेच जण शोरूममध्ये थेट क्रूझरपाशी जाऊन थांबतात. सीट बुटकी, हँडल रुंद, पाय पुढे सोडलेले, पाठ ताठ. ही आवड चुकीची नाही. सिग्नलला दोन्ही पाय पुरते टेकतात, त्यामुळे नवख्याला धीर येतो. गफलत होते ती पुढे. फलकावरची किंमत पाहून गाडी ठरते आणि बाकीचा खर्च नंतर एकेक करून समोर येतो. म्हणून पहिल्या क्रूझरला दोनच कसोट्या लावाव्यात : ती हाताने ढकलता आली पाहिजे आणि पाच वर्षं पोसता आली पाहिजे.

कोणकोणत्या गाड्या पाहाव्यात

बजाज अ‍ॅव्हेंजर २००५ पासून आपल्या रस्त्यांवर आहे. तिच्या २२० क्रूझची ताकद १९ पीएस, वजन १६३ किलो आणि सीटची उंची ७३७ मिलिमीटर. एक्स-शोरूम किंमत दीड लाखाच्या आत. कमी उंचीच्या चालकाला इतकी सोयीची गाडी दुसरी मिळणे कठीण. मात्र चाक जाम होऊ न देणारे एबीएस फक्त पुढच्या चाकाला, मागे ड्रम ब्रेक आणि तारांच्या चाकांमुळे ट्यूबचे टायर.

रॉयल एनफील्डची मीटिअर ३५० नोव्हेंबर २०२० मध्ये आली. इंजिन ३४९ सीसीचे, ताकद सुमारे २० बीएचपी, सीट ७६५ मिलिमीटर, टाकी १५ लिटरची. २७ न्यूटन-मीटरचा जोर ४,००० आरपीएमलाच मिळतो, म्हणून घाटात सारखा गिअर बदलावा लागत नाही. दोन्ही चाकांना एबीएस, टायर ट्यूबलेस. वजन मात्र १९१ किलो. किंमत दोन लाखांच्या आसपास.

जावा ४२ बॉबर साधारण त्याच किमतीत बसते. इंजिन ३३४ सीसीचे, लिक्विड कूलिंगचे, सीट ७४० मिलिमीटर. पण सीट एकट्याचीच. घरात कुणाला डबलसीट न्यायचे असेल, तर ती यादीतून आधीच काढा.

टीव्हीएस रोनिन ही क्रूझर आणि रोजची बाइक यांच्या मधली. इंजिन २२६ सीसीचे, वजन १६० किलोच्या आसपास, पण सीट ७९५ मिलिमीटर. उंची बरी असेल आणि रोज शहरातच फिरायचे असेल, तर ती जरूर चालवून पाहा.

सीसीच्या तीन सीमारेषा

गाडीवरचा कर आणि विमा सीसीवर ठरतो, म्हणून या सीमारेषा माहीत हव्यात.

पहिली १५० सीसीची. थर्ड पार्टी विम्याच्या २०२२ च्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीच्या नव्या दुचाकीला पाच वर्षांचे ७,३६५ रुपये लागतात, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १६० सीसीला जेवढे, तेवढेच ३४९ सीसीला. ‘छोटे इंजिन घेतले, विमा वाचला’ हा समज इथे टिकत नाही.

दुसरी २९९ सीसीची. महाराष्ट्रात दुचाकीचा एकरकमी वाहन कर ९९ सीसीच्या पुढे २९९ सीसीपर्यंत ११ टक्के आणि त्यावर १२ टक्के आहे. अ‍ॅव्हेंजर आणि रोनिन अलीकडे, मीटिअर आणि जावा पलीकडे.

तिसरी ३५० सीसीची, आणि सगळ्यात महागडी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यापुढच्या गाड्यांवर ४० टक्के. त्यांचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमाही १५,११७ रुपयांवर जातो. पहिल्या गाडीसाठी ही रेषा ओलांडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोटेशन ओळीओळीने वाचा

सोयीसाठी गोल आकडे धरू. एक्स-शोरूम दोन लाखांच्या ३४९ सीसी गाडीवर वाहन कर २४,०००, थर्ड पार्टी विमा जीएसटीसह सुमारे ८,७००, नोंदणी ३०० आणि स्मार्ट कार्ड २००. झाले २,३३,२००. कर्ज असेल तर बोजा नोंदवण्याचे आणखी ५००. वर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा (ओन डॅमेज) विमा. १,४०,००० च्या २२० सीसी गाडीचा हाच हिशेब १,६४,६०० होतो. फलकावर साठ हजारांचा दिसणारा फरक रस्त्यावर येईपर्यंत सुमारे साडेअडुसष्ट हजारांचा झालेला असतो.

कोटेशनमध्ये यापलीकडे ज्या ओळी दिसतील, त्यांवर बोट ठेवून विचारा. ‘हँडलिंग चार्जेस’ हा सरकारी कर नाही. टेफ्लॉन कोटिंग, क्रॅश गार्ड, सीट कव्हर, रोडसाइड असिस्टन्स हे सगळे ऐच्छिक. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचे दोन दर आधी काढून ठेवा. पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण तुमच्याकडे दुसऱ्या पॉलिसीतून असेल, तर ते पुन्हा घ्यावे लागत नाही. पावतीशिवाय एकही रुपया देऊ नका. अडवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

हप्त्याआडचे व्याज

‘अकरा टक्के’ एवढ्यावर समाधान मानू नका. व्याज फ्लॅट, म्हणजे पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर, की घटत्या शिल्लकेवर, हा पहिला प्रश्न विचारा. दीड लाख रुपये तीन वर्षांसाठी घटत्या शिल्लकेवर ११ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता सुमारे ४,९१० आणि एकूण व्याज २६,८०० च्या आसपास. तेच फ्लॅट ११ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता ५,५४० आणि व्याज ४९,५००. कागदावर टक्केवारी तीच, खिशातून जवळपास तेवीस हजार जास्त. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी कर्ज फेडल्यास लागणारा आकारही लेखी मागून घ्या.

पेट्रोल आणि देखभाल

महिन्याला हजार किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर धरा. ४० चे अ‍ॅव्हरेज देणारी गाडी महिन्याला २,६०० रुपयांचे पेट्रोल पिते, ३० चे देणारी ३,४६७ रुपयांचे. पाच वर्षांत हा फरक ५२,००० होतो आणि पेट्रोलचा एकूण खर्च दीड ते दोन लाखांवर जातो. कंपनीच्या पत्रकातला आकडा बाजूला ठेवा. आपल्याच गावात ती गाडी रोज वापरणाऱ्या दोघा-तिघांना विचारा.

सर्व्हिसिंग, ऑइल, मागचा टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड यांसाठी महिन्याला हजार रुपये वेगळे काढावेत. चेन दर ५०० किलोमीटरला साफ करून वंगण लावले, तर ती बराच काळ साथ देते. तारांची चाके दिसतात सुंदर, पण ट्यूबचा टायर ताम्हिणीत पंक्चर झाला तर चाक काढण्यावाचून इलाज नसतो. ट्यूबलेसला जागच्या जागी पट्टी मारता येते. चांगल्या आयएसआय हेल्मेटसाठी आणि पावसाळी कपड्यांसाठी गाडीच्या बजेटमध्येच पाच हजार राखून ठेवा. ही रक्कम क्रॅश गार्डवर खर्च करू नका.

चालवण्याआधी ढकलून पाहा

टेस्ट राइडला चकचकीत रस्त्यावर एक फेरी मारून काही कळत नाही. इंजिन बंद ठेवा, किंचित चढ असलेल्या जागी गाडीचे तोंड उताराकडे करून उभी करा आणि सीटवर बसून पायांनी मागे रेटा. सोसायटीच्या पार्किंगमधून रोज सकाळी हेच करायचे आहे. १६३ आणि १९१ किलोंमधला फरक पत्रकात समजत नाही. तो इथे पोटऱ्यांना आणि मनगटांना समजतो. नंतर अरुंद गल्लीत यू-टर्न घ्या. क्रूझरच्या दोन चाकांतले अंतर जास्त असल्याने ती वळायला मोठी जागा मागते.

मग मुद्दाम खड्ड्यांचा रस्ता निवडा. पाय पुढे असल्यामुळे खड्डा आला की फूटरेस्टवर उभे राहून धक्का झेलता येत नाही. तो थेट कण्यात जातो. कंबरदुखी असेल तर ही तपासणी चुकवू नका. डबलसीट बसणाऱ्यालाही सोबत न्या आणि स्पीडब्रेकरवर गाडी खाली घासते का, हे पाहा.

नवखा चालक घाबरला की मागचा ब्रेक जोरात दाबतो. एबीएस फक्त पुढच्या चाकाला असेल, तर ओल्या रस्त्यावर मागचे चाक जाम होऊन घसरते. कोकणात किंवा पश्चिम घाटात राहणाऱ्यांनी दोन्ही चाकांच्या एबीएससाठी जास्तीचे पैसे मोजावेत.

ताकदीच्या मागे मात्र फार धावू नका. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, अटल सेतू इथे दुचाकींना प्रवेशच नाही. जुन्या महामार्गांवर ताशी सत्तर-ऐंशीच्या निवांत वेगाला वीस बीएचपी पुरतात.

जुनी गाडी घ्यायची असेल तर

शिकण्यासाठी चांगली राखलेली जुनी अ‍ॅव्हेंजर हा उत्तम पर्याय आहे. गाडी पाहायला जाताना इंजिन थंड ठेवायला सांगा. सुरू होतानाच्या आवाजावरून बरेच कळते. पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ नको. आरसीवरचा चासी नंबर जुळवा, थकलेली ई-चलने तपासा, कर्ज फिटले असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम हातात देऊ नका.

मग कोणती?

उंची कमी, बजेट दीड-पावणेदोन लाख आणि वापर मुख्यतः शहरात असेल, तर अ‍ॅव्हेंजर. रोजच्या गर्दीत चपळ गाडी हवी आणि पाय नीट टेकत असतील, तर रोनिन. दर महिन्याला घाट, डबलसीट आणि लांबचा पल्ला असेल आणि १९१ किलो पेलत असतील, तर मीटिअर. एकट्याचीच हौस असेल, तरच बॉबर. हप्ता, पेट्रोल आणि देखभाल यांची महिन्याची बेरीज कमाईच्या पाचव्या भागापुढे जात असेल, तर एक पायरी खाली उतरा किंवा जुनी गाडी पाहा. पहिली गाडी शिकण्यासाठी असते. हात बसला की मोठी घेण्याचा मार्ग खुलाच आहे.