अर्धे तिकीट

परभणीच्या रेल्वे स्थानकावर तिकीट-खिडकीपुढे रांगेत उभे राहिले, की एक प्रश्न हमखास कानी पडतो : “मुलाचे वय काय?” प्रश्न साधा आणि उत्तर एका शब्दाचे. परंतु त्या एका शब्दावर अर्धे भाडे अवलंबून असते. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही. पाच वर्षे पुरी झाली आणि बारा व्हायची आहेत अशा मुलाला अर्धे लागते. बारा वर्षे पुरी झाली, की पुरे. मुलांनो, तुमच्यापैकी कोणी या सीमेच्या अलीकडे असाल, कोणी नुकतेच पलीकडे गेला असाल. म्हणून ही हकीकत तुम्हांलाच सांगणे योग्य होय.

मी त्या वर्षी सातवीत होतो. दिवाळीच्या सुटीत आजी मला घेऊन जालन्याला आत्याकडे निघाली. त्या काळी मनमाडहून परभणी-नांदेडकडे येणारा लोहमार्ग अरुंद होता. दोन रुळांमधील अंतर अवघे एक मीटर. मुंबईला जाणाऱ्या माणसाला मनमाडला उतरून, सामान डोक्यावर घेऊन, रुंद मार्गावरची दुसरी गाडी पकडावी लागे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हा मार्ग रुंद झाला आणि मग परभणीकर एका गाडीत बसून थेट मुंबईला उतरू लागले.

आजीला अक्षरओळख नव्हती. पैसे ती कनवटीच्या पुरचुंडीत बांधून ठेवी आणि देण्यापूर्वी दोनदा मोजी. खिडकीतील कारकुनाने विचारले, “मुलाचे वय काय, बाई?” आजी म्हणाली, “बाहात्तरच्या दुष्काळात झाला हा. आता तुम्हीच मोजा, साहेब.” कारकून हसला आणि त्याने माझ्याकडे पाहिले. “काय रे, अकरा की बारा?”

शाळेच्या दाखल्यावरील माझी जन्मतारीख मला पाठ होती. बारा वर्षे पुरी होऊन महिना उलटला होता. पण अंगाने मी लहानखोर होतो आणि पुरचुंडी किती हलकी आहे, हे मी पाहिले होते. मी म्हणालो, “अकरा.”

खिडकीतून दोन तिकिटे बाहेर आली : एक पुरे, एक अर्धे. वाचलेल्या पैशांतून आजीने सेलूच्या फलाटावर माझ्यासाठी सीताफळे घेतली. शेजारी बसलेल्या बाईला ती कौतुकाने सांगू लागली, “आमच्या घरचा हिशेब हाच ठेवतो. दूधवाल्याचा म्हणू नका, वाण्याचा म्हणू नका. याचा आकडा कधी चुकायचा नाही.” इतक्यात तिकीट तपासनीस आला. त्याने दोन्ही तिकिटे उलटसुलट करून पाहिली, चिमट्याने त्यांना छिद्र पाडले आणि तो पुढे गेला. मला कोणीही पकडले नाही. सीताफळ मात्र जालना येईपर्यंत माझ्या हातातच राहिले.

पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी, त्या पुठ्ठ्याच्या तुकड्यात असे काय होते, हे आपण पाहू.

तिकीट म्हणजे काय? तिकीट हा एक करार आहे. प्रवाशाने भाडे द्यायचे आणि रेल्वेने त्याला ठरलेल्या स्थानकापर्यंत न्यायचे, असे दोन्ही बाजूंनी दिलेले ते वचन होय. आपल्या देशात प्रवाशांना घेऊन जाणारी पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्यास गेली. त्याच्या काही वर्षे आधी इंग्लंडमध्ये टॉमस एडमंडसन या माणसाने तिकिटाला त्याचे रूप दिले होते. एडमंडसन मूळचा लाकडी सामान बनविणारा कारागीर. धंद्यात बूड आल्यावर त्याने एका लहानशा स्थानकावर नोकरी धरली. तेथे प्रत्येक प्रवाशाचे तिकीट हाताने लिहून द्यावे लागे. त्यात वेळ जाई आणि हिशेबही नीट लागत नसे. एडमंडसनने पुठ्ठ्याची एकसारखी लहान तिकिटे छापली, त्यांवर अनुक्रमांक घातले आणि तारीख उमटविण्यासाठी एक यंत्र तयार केले.

या अनुक्रमांकात मोठी खुबी होती. समजा, सकाळी पेटीत वरचे तिकीट ११२० क्रमांकाचे आहे आणि रात्री वरचे तिकीट ११६५ क्रमांकाचे आहे; तर दिवसभरात ४५ तिकिटे विकली गेली, हे वजाबाकीने तत्काळ कळते. पेटीतील पैसे त्याच्याशी जुळलेच पाहिजेत. अशा रीतीने प्रवाशाची, कारकुनाची आणि रेल्वेची अशी तिघांची सचोटी एका पुठ्ठ्याने बांधली गेली. जगातील अनेक देशांत आणि आपल्याकडेही ही तिकिटे शंभराहून अधिक वर्षे चालली. पुढे संगणक आला, पुठ्ठा गेला आणि पातळ कागद आला. आता तर पुष्कळांचे तिकीट दूरध्वनीच्या पडद्यावरच असते. रूप बदलले, तरी करार तोच आहे.

तिकिटावर काय लिहिलेले असते, तेही नीट वाचावयास शिकले पाहिजे. कोठून कोठे, कोणत्या वर्गाचे, किती मोठ्यांचे, किती मुलांचे, कोणत्या प्रकारच्या गाडीचे आणि केव्हा काढलेले, या सहा गोष्टी त्यावर असतात. साध्या गाडीचे तिकीट घेऊन अतिजलद गाडीत बसता येत नाही. त्यासाठी अधिक आकार द्यावा लागतो. १९९ किलोमीटरपर्यंतच्या अनारक्षित प्रवासाचे तिकीट काढल्यावर तीन तासांच्या आत, किंवा त्यानंतर सुटणाऱ्या पहिल्या गाडीने, प्रवास सुरू करावा लागतो. आरक्षित तिकिटावर दहा आकडी क्रमांक असतो. त्यावरून आपली जागा पक्की झाली की नाही ते कळते.

भाडे अंतरावरून ठरते. पण अंतर दुप्पट झाले म्हणून भाडे दुप्पट होत नाही. पहिल्या शंभर किलोमीटरांना जो दर पडतो, त्यापेक्षा पुढच्या शंभरांना कमी पडतो. म्हणून गंगाखेडहून परभणीमार्गे मनमाडला जाणाऱ्याने परभणीपर्यंत एक आणि तेथून दुसरे अशी दोन तिकिटे काढण्यापेक्षा थेट मनमाडचे एकच तिकीट काढणे शहाणपणाचे असते. गणिताचा हा उपयोग प्रत्येकाने ध्यानात ठेवावा.

आता सवलतींकडे वळू. सवलत ही दया नव्हे. समाजाने विचारपूर्वक उचललेला तो भार आहे. शाळेत जाण्यासाठी रोज गाडीने प्रवास करणाऱ्या मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते शाळा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास विनामूल्य मिळतो. मानवत रोड, सेलू किंवा पूर्णा येथून परभणीला शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्याला हे ठाऊक असलेच पाहिजे. शैक्षणिक सहलीसाठी आणि सुटीत घरी जाण्यासाठीही विद्यार्थ्यांना भाड्यात सूट आहे. त्यासाठी मुख्याध्यापकांच्या सहीचे प्रमाणपत्र खिडकीवर द्यावे लागते. अपंग प्रवाशांना आणि कर्करोगासारख्या दुखण्यावर उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णांनाही सवलत मिळते. सवलती कायमच्या असतात असे मात्र नाही. वृद्धांना मिळणारी सूट मार्च २०२० मध्ये थांबविण्यात आली. उलट, आपल्या एस. टी. बसमध्ये १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे भाडे लागू झाले.

हा भार कोण उचलतो? २०१६ सालापासून रेल्वेच्या संगणकीय तिकिटांवर एक ओळ छापली जाऊ लागली. प्रवासाला जो खर्च येतो, त्यांपैकी सरासरी अवघे ५७ टक्के प्रवाशांकडून वसूल होतात, असा तिचा आशय होता. उरलेला भार मालगाडीतून जाणारा कोळसा, सिमेंट आणि धान्य वाहतात. म्हणजे फिरून आपण सारेच वाहतो. ज्याने कधी आगगाडी पाहिली नाही, असा माणूसही आपल्या तिकिटाचे थोडे पैसे भरीत असतो.

आपल्याकडे गमतीने म्हणतात, “जगात जर्मनी, भारतात परभणी!” तेव्हा जर्मनीतील तिकिटांची चौकशी करणे आपल्याला भागच आहे. तेथे मे २०२३ मध्ये सबंध देशासाठी एकच मासिक तिकीट सुरू झाले. आरंभी त्याची किंमत ४९ युरो होती. पुढे ती वाढली. ते जवळ असले, की कोणत्याही गावच्या बसमध्ये, ट्राममध्ये आणि स्थानिक आगगाडीत बसता येते. दूर पल्ल्याच्या जलद गाड्यांत मात्र ते चालत नाही. त्या देशात फलाटावर जाण्यासाठी बहुधा फाटकही नसते. कोणी अडवीत नाही. तपासनीस गाडीत केव्हा तरी येतो आणि तिकीट नसल्यास शहरी गाड्यांत ६० युरो भरावे लागतात.

युरोपातील इतर देशांच्याही नाना तऱ्हा आहेत. ब्रिटनमध्ये ५ ते १५ वर्षांच्या मुलांना अर्धे भाडे पडते, तर स्वित्झर्लंडमध्ये सोळा वर्षे पुरी होईपर्यंत. इटलीत स्थानिक गाडीचे कागदी तिकीट नुसते विकत घेऊन भागत नाही. गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. तो विसरला, तर तिकीट हाती असूनही दंड होतो. दूरच्या गाड्यांचे भाडे तेथे पुष्कळदा आधी कमी आणि प्रवासाचा दिवस जवळ येईल तसतसे अधिक होत जाते. अशी स्वस्त तिकिटे बहुधा त्याच एका गाडीची असतात. गाडी चुकली, की पैसे बुडाले. म्हणून स्वस्त तिकीट घेताना किमतीआधी अटी वाचाव्यात, असे तेथील जाणते प्रवासी सांगतात. १९७२ साली युरोपातील रेल्वेंनी एकत्र येऊन तरुणांसाठी एकच पास काढला. तो घेऊन एका महिन्यात अनेक देश पाहता येऊ लागले. लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशाने तर २०२० सालापासून देशातील बस आणि दुसऱ्या वर्गाची रेल्वे सर्वांना विनामूल्य केली. तेथे “मुलाचे वय काय?” हा प्रश्नच उरला नाही.

परंतु परभणीच्या खिडकीवर तो प्रश्न मला विचारला गेला होता आणि माझे उत्तर खोटे होते.

जालन्याचे चार दिवस मी कसे काढले, ते माझे मलाच ठाऊक. परतीच्या दिवशी स्थानकाच्या पायरीवर मी आजीला सारे सांगितले. ती रागावली नाही. तिने माझ्या पाठीवरून हातही फिरविला नाही. तिने पुरचुंडी सोडली, पैसे दोनदा मोजले आणि ती खिडकीपाशी गेली.

“परभणीची दोन पुरी द्या,” ती म्हणाली, “आणि एक अर्धे.”

कारकुनाने मान बाहेर काढून पाहिले. “अर्धे कोणासाठी, बाई? मूल तर कोठे दिसत नाही.”

“मूल होते,” आजी म्हणाली. “आता ते बारा वर्षांचे झाले आहे.”

परभणीस उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. टांग्याचे पैसे त्या अर्ध्या तिकिटात गेले होते. आजीने गाठोडे डोक्यावर घेतले, मी पेटी उचलली आणि आम्ही पायी घरी निघालो. दोन पुरी तिकिटे फाटकावरील माणसाने घेतली. तिसरे आजीने माझ्या हातात ठेवले आणि ती एवढेच म्हणाली, “हे हिशेबाच्या वहीत ठेव.”

वही केव्हाच जीर्ण झाली. पुठ्ठ्याचे ते तिकीट मात्र आजही माझ्याजवळ आहे. त्यावर तपासनिसाच्या चिमट्याचे छिद्र नाही. कारण त्या तिकिटावर कोणीही प्रवास केला नाही.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) तिकिटाला लेखकाने ‘करार’ का म्हटले आहे?
(आ) तिकिटांवरील अनुक्रमांकामुळे हिशेब कसा लागतो?
(इ) स्वस्त तिकीट घेताना कोणती काळजी घ्यावी?

२. कारणे द्या.
(अ) लेखकाला सीताफळ खावेसे वाटले नाही.
(आ) आजीने परतीच्या वेळी तिसरे तिकीट काढले.
(इ) परभणी स्थानकावरून घरी जाताना टांगा केला नाही.

३. ‘मूल होते. आता ते बारा वर्षांचे झाले आहे.’ आजीच्या या बोलण्याचा तुम्हांला समजलेला अर्थ पाचसहा वाक्यांत लिहा.

४. एक वजाबाकी करा : सकाळी पेटीतील वरचे तिकीट २३८७ क्रमांकाचे आणि रात्री २४५० क्रमांकाचे आहे. दिवसभरात किती तिकिटे विकली गेली?

५. घरातील एखादे जुने किंवा नवे प्रवासाचे तिकीट मिळवा. त्यावरील सर्व माहिती वाचून वहीत लिहून काढा.